मेंदूतील राखणदार पेशी : त्या वेगळ्या कशा काढतात व कशा वाढवतात

भाताची लावणी आटोपते, खाचरांत पाणी उभे राहते, आणि दिवेलागणीला डासांचे थवे उठू लागतात. याच दिवसांत कधी एखाद्या वाडीवरून बातमी येते, की अमक्याच्या मुलाला जोराचा ताप भरला, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झटके आले, आणि मूल आईलाही ओळखेना. डॉक्टर सांगतात, मेंदूज्वर. या पानाच्या वाचकांनी याविषयी आम्हाला दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला : डासाच्या चाव्याने मेंदूची एवढी हानी कशी होते? दुसरा : शास्त्रज्ञ मेंदूच्या पेशी बाटलीत वाढवतात असे ऐकतो, ते खरे आहे काय, आणि असल्यास शेतकऱ्याला त्याचा उपयोग काय?

हे दोन प्रश्न वेगवेगळे दिसतात. परंतु पहिल्याचे उत्तर मिळाले ते दुसऱ्या कामातूनच. म्हणून या अंकात दोन्ही एकत्र घेत आहोत. लेख थोडा लांबला आहे. ज्यांना वेळ नसेल त्यांनी निदान शेवटचा भाग घरच्या मंडळींना वाचून दाखवावा.

राखणदार कोण?

मेंदूत विचार, हालचाल व आठवण यांचे काम करणाऱ्या पेशी असतात. त्यांना चेतापेशी म्हणतात. पण मेंदू केवळ त्यांचाच बनलेला नाही. त्यांच्या आजूबाजूला आधार देणाऱ्या, पोसणाऱ्या व साफसफाई करणाऱ्या पुष्कळ पेशी असतात. रुडॉल्फ फिरखो या जर्मन वैद्याने १८५६ साली या आधारपेशींना जे नाव दिले, त्यातील 'ग्लिया' या ग्रीक शब्दाचा अर्थ डिंक किंवा सरस असा आहे. चेतापेशींना एकत्र चिकटवून ठेवणारे भरण, एवढेच तेव्हा त्यांच्याविषयी वाटत होते.

पुढे १९१९ साली माद्रिद येथे पिओ देल रिओ ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने चांदीच्या क्षाराने मेंदूचे पातळ काप रंगवले. त्यात त्याला अगदी लहान अंगाच्या, पुष्कळ फांद्या असलेल्या वेगळ्याच पेशी दिसल्या. त्यांना त्याने 'मायक्रोग्लिया' म्हणजे लहान ग्लिया असे नाव दिले. इजा झाली, की या पेशी फांद्या आखडून घेतात, गोलसर होतात, सरकत इजेच्या जागी जातात आणि मेलेला भाग गिळून टाकतात, हेही त्याने ओळखले. रक्तातील पांढऱ्या पेशी जे काम शरीरात करतात, तेच काम मेंदूत या पेशी करतात.

मेंदूतील शंभर पेशींत साधारण पाच ते दहा या जातीच्या असतात. २००५ साली जिवंत उंदराच्या मेंदूत विशेष सूक्ष्मदर्शकाने पाहिले, तेव्हा असे दिसले की या पेशी स्वस्थ असतानाही त्यांच्या फांद्या सतत हलत असतात आणि आसपासची जागा चाचपत असतात. माळ्यावर बसलेला राखणदार चारी बाजूंना नजर फिरवतो, तसेच हे आहे. आणखी एक नवलाची गोष्ट २०१० साली उंदरांवरील अभ्यासात सिद्ध झाली. या पेशी मेंदूत उपजत नाहीत. गर्भ अगदी लहान असताना बलकपिशवीत त्यांचे मूळ तयार होते, तेथून त्या मेंदूत येतात आणि जन्मभर तेथेच राहतात.

वेगळे काढण्याची गरज काय?

मेंदूज्वर होतो तेव्हा मेंदूत एकाच वेळी तीन गोष्टी चाललेल्या असतात. विषाणू वाढत असतो, राखणदार पेशी खवळलेल्या असतात, आणि चेतापेशी मरत असतात. चेतापेशी मारल्या कोणी, विषाणूने की राखणदारांनी? अखंड मेंदूकडे पाहून हे सांगता येत नाही. ज्वारी, तूर आणि अंबाडी एकाच वावरात पेरली, तर कोणत्या पिकाने जमिनीतून काय घेतले हे कळत नाही. ते पाहायचे तर प्रत्येकाचा वेगळा वाफा करावा लागतो. मायक्रोग्लिया बाहेर काढून एकट्या वाढवतात त्या याच कारणासाठी.

काम कसे चालते?

हे काम बहुधा उंदराच्या किंवा घुशीएवढ्या पांढऱ्या उंदराच्या नवजात पिल्लांवर करतात. पिल्ले जन्मल्यापासून तीन दिवसांच्या आतली घेतात. त्या वयात मेंदू मऊ असतो, चेतातंतूंवर चरबीचे वेष्टण चढलेले नसते आणि पेशी बाहेर काढल्यावर तग धरतात. नियमाप्रमाणे पिल्लाला वेदना न होतील अशा रीतीने मारले जाते. त्यापुढील पायऱ्या अशा :

पहिली पायरी सोलण्याची. मेंदू बर्फावर ठेवलेल्या थंड क्षारद्रावणात घेतात व त्यावरील पातळ आवरणे सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने सोलून काढतात. हे काम फार जपून करावे लागते. आवरणात रक्तवाहिन्या व इतर जातीच्या पेशी असतात. त्या राहून गेल्या, तर पुढे तणासारख्या माजतात.

दुसरी पायरी सुटे करण्याची. मेंदूचे बारीक तुकडे करून त्यांवर ट्रिप्सिन नावाचे पाचक द्रव्य घालतात. मांस लवकर शिजावे म्हणून आपल्या घरांत कच्च्या पपईचा गर चोळतात. ट्रिप्सिनचे काम त्याच जातीचे. पेशींना धरून ठेवणारा गुंता ते सैल करते. फार वेळ ठेवले तर पेशीच नासतात, म्हणून घड्याळ लावून थांबवावे लागते. मग बारीक नळीने द्रव वरखाली ओढून पेशी सुट्या करतात आणि एका मिलिमीटरच्या चौदाव्या हिश्श्याएवढी छिद्रे असलेल्या चाळणीतून गाळतात.

तिसरी पायरी पेरण्याची. प्लॅस्टिकच्या चपट्या बाटलीच्या तळाला आधी एका चिकट द्रव्याचा लेप दिलेला असतो. जमीन सारवून घ्यावी तसा हा प्रकार. त्यात पेशी सोडतात. त्यांचे अन्न म्हणजे साखर, क्षार, प्रथिनांचे घटक व जीवनसत्त्वे असलेले पाणी. त्यात शंभरास दहा या प्रमाणात वासराच्या गर्भाच्या रक्तातील सीरम मिसळतात. बाटल्या ३७ अंश उष्णतेच्या, दमट हवेच्या पेटीत ठेवतात. पेटीच्या हवेत शंभरास पाच भाग कार्बन डायऑक्साइड सोडलेला असतो, त्यामुळे द्रवाची आम्लता बिघडत नाही. कोंबडीची अंडी उबवायची पेटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या पेटीची कल्पना येईल.

चौथी पायरी वाट पाहण्याची. एक-दोन दिवसांनी मेलेल्या पेशींचा गाळ काढून नवे द्रावण घालतात, आणि पुढेही काही दिवसांच्या अंतराने ते बदलत राहतात. आठवडा-दहा दिवसांत ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशींचा गालिचा बाटलीच्या तळावर पसरतो. या गालिच्यातून जी पोषक द्रव्ये झिरपतात, त्यांवर मायक्रोग्लिया वाढतात आणि गालिच्याच्या वर गोल, चकाकत्या मण्यांसारख्या सैल बसतात. ही पायरी लवकर उरकता येत नाही. तरवा तयार नसताना उपटला तर लावणी फसते, तशीच गत येथेही होते.

पाचवी पायरी झाडून घेण्याची. दहा ते चौदा दिवसांनी बाटल्या हलत्या टेबलावर ठेवतात आणि मिनिटाला सुमारे दोनशे फेरे या वेगाने तास-दोन तास हलवतात. गालिचा तळाला घट्ट धरून राहतो. मायक्रोग्लिया मात्र गळून द्रावणात येतात. जांभळीची फांदी हलवली, की पिकलेली जांभळे खाली पडतात व कच्ची देठाला राहतात, असेच हे. हे द्रावण फिरवून पेशी तळाला बसवतात व नव्या ताटलीत सोडतात. मायक्रोग्लिया अर्ध्या तासाच्या आत तळाला चिकटतात. ज्या पेशी अजून तरंगत असतात त्या धुऊन टाकतात. जुन्या बाटलीत नवे द्रावण घातले, तर काही दिवसांनी पुन्हा एक-दोनदा तोड मिळते. जनावरांच्या चाऱ्यासाठी लसूणघास कापतो, त्याप्रमाणे.

सहावी पायरी पारखण्याची. मायक्रोग्लियात विशेषेकरून सापडणाऱ्या एका प्रथिनाला रंग चढवून मोजतात. शंभरात पंच्याण्णवांहून अधिक पेशी मायक्रोग्लियाच निघाल्या, तर बी शुद्ध समजतात.

हलवून पेशी वेगळ्या करण्याच्या या रीतीचा पाया १९८० साली मॅकार्थी व द वेलिस यांनी घातला, आणि १९८६ साली ज्युलियन व बेकर यांनी ती मायक्रोग्लियासाठी बसवली. वाढलेल्या उंदराच्या मेंदूसाठी दुसरी रीत आहे. आपण भाताचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकतो. पोचट दाणे वर तरंगतात व भरीव दाणे तळाला जातात. तसेच कमी-अधिक दाट द्रावणांचे थर एकावर एक रचून त्यात मेंदूच्या पेशी फिरवतात. चरबी वर जाते आणि मायक्रोग्लिया मधल्या थरात सापडतात. अलीकडे या पेशींना चिकटणारे बारीक लोहकण वापरून चुंबकानेही त्या ओढून घेतात.

स्वच्छतेची गोष्ट

या कामात सर्वांत मोठा शत्रू म्हणजे अस्वच्छता. हवेतील बुरशीचा एक कण बाटलीत पडला, तरी चार दिवसांत बाटली फेकावी लागते. द्रावणात प्रतिजैविके घालतात खरी, पण घाणेरड्या हातांना ती झाकू शकत नाहीत. शिवाय मायक्रोग्लियाचा स्वभावच पहाऱ्याचा. जंतू मेलेला असला, तरी त्याच्या सालपटाचा अंश द्रावणात असला की या पेशी खवळतात, आणि प्रयोग सुरू होण्याआधीच वाया जातो. म्हणून पाणी, भांडी व औषधे सर्व तपासून घ्यावी लागतात.

मेंदूज्वराविषयी काय कळले?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. जपानी मेंदूज्वराचा विषाणू भाताच्या खाचरांत वाढणारे क्युलेक्स जातीचे डास पसरवतात. बगळ्यांसारखे पाणपक्षी व डुकरे यांच्या रक्तात तो भराभर वाढतो. भारतात हा रोग १९५५ साली वेल्लोरच्या बाजूला प्रथम ओळखला गेला. गोव्यात १९८२ साली त्याची साथ आली होती.

हरियाणातील मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तेथील अनिर्बन बसू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. त्यांनी ताटलीत वाढवलेल्या उंदराच्या मायक्रोग्लियाला या विषाणूची बाधा केली. या पेशी एका कायम वाढत राहणाऱ्या वंशाच्या होत्या; असा वंश ठेवला, की दर वेळी नवी पिल्ले लागत नाहीत. बाधा झालेल्या पेशींनी दाह वाढवणारी द्रव्ये भरपूर सोडली. त्यांच्यावरचे द्रावण काढून दुसऱ्या ताटलीतील चेताजातीच्या पेशींना दिले, तेव्हा त्या पेशी अधिक प्रमाणात मेल्या.

म्हणजे विषाणू स्वतः चेतापेशी मारतोच, पण राखणदारही त्या मारण्यात हातभार लावतात. रानडुकराला हाकलण्यासाठी राखणदाराने आग लावावी आणि त्यात उभे पीक जळावे, तसा हा प्रकार. एवढ्याशा डासाच्या चाव्याने एवढी हानी का होते, याचे एक मोठे कारण हे.

यावरून मार्गही सुचला. मायक्रोग्लियाचा क्षोभ कमी करणारे मिनोसायक्लिन हे जुने प्रतिजैविक २००८ साली बाधित उंदरांना दिले, तेव्हा त्यांना लाभ झाला. पण उंदराला मानवले ते माणसाला मानवतेच असे नाही. भारतात मेंदूज्वराच्या रोग्यांवर ते तपासून पाहिले व २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण मृत्यूंत निर्णायक फरक दिसला नाही. जपानी मेंदूज्वरावर खात्रीचे औषध आजही नाही. हे आम्ही मुद्दाम स्पष्ट लिहीत आहोत, कारण 'मेंदूच्या तापावर रामबाण' म्हणून पुड्या विकणारे बाजाराच्या दिवशी भेटतात.

ताटलीतील पेशींच्याही मर्यादा आहेत. मेंदूतून बाहेर काढलेली मायक्रोग्लिया काही तासांतच आपला मूळ स्वभाव सोडू लागते व फांद्या आखडून घेते. सीरमही तिला परके. निरोगी मेंदूत ते तिच्यापर्यंत पोचत नाही. २०१७ साली सीरमशिवाय, तीन नेमकी द्रव्ये देऊन या पेशी पोसण्याची रीत निघाली. त्यांतले एक द्रव्य आपल्या परिचयाचे कोलेस्टेरॉल आहे. तरीही कुंडीतले झाड रानातल्या झाडासारखे होत नाही, हे शास्त्रज्ञही ध्यानात ठेवतात.

सद्‌विवेकबुद्धीचा प्रश्न

प्राण्यांचे जीव घेऊन हे करावे काय, असे काही वाचक विचारतील, विचारावेच. १९९२ सालच्या 'कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण' ग्रंथातील २४१७ व २४१८ या परिच्छेदांत याचा विचार आहे. मानवी जीव वाचवण्यास मदत होत असेल आणि मर्यादा पाळली जात असेल, तर प्राण्यांवरील प्रयोग नीतीला धरून आहेत. पण प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे मानवाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असा त्याचा आशय. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली समिती अशा प्रयोगांवर देखरेख ठेवते.

काही ठिकाणी मानवी मायक्रोग्लिया गर्भपातातील गर्भाच्या मेंदूतून घेतल्या गेल्या आहेत. जाणूनबुजून केलेल्या गर्भपातातून अशी सामग्री मिळवणे ख्रिस्तसभेला मान्य नाही. येथे आनंदाची गोष्ट अशी, की जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या व २००७ साली माणसाच्या त्वचेतील पेशी मूळ अवस्थेत परत नेण्याची युक्ती शोधली. त्यासाठी त्यांना २०१२ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. २०१६ पासून या युक्तीने मोठ्या माणसाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून मायक्रोग्लियासारख्या पेशी तयार होऊ लागल्या आहेत. त्यासाठी कोणत्याही गर्भाचा नाश करावा लागत नाही.

पेशी वाढवण्याच्या विद्येने प्राण्यांचेही रक्षण झाले आहे. जपानी मेंदूज्वराची जुनी लस उंदराच्या मेंदूत विषाणू वाढवून करीत. आपल्याकडे ती कसौलीला तयार होई. कर्नाटकातील कोलारच्या बाजूला सापडलेल्या विषाणूपासून, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या सहकार्याने हैदराबादेत तयार झालेली लस २०१३ साली आली. ती बाटल्यांत वाढवलेल्या पेशींवर बनवतात.

आपण काय करावे?

१. लस घ्यावी. जेथे या रोगाचा धोका आहे त्या जिल्ह्यांत सरकारी कार्यक्रमात बाळाला नऊ ते बारा महिन्यांत पहिली व सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी मात्रा देतात. आपला जिल्हा त्यात आहे की नाही, हे आरोग्यकेंद्रात किंवा आशाताईंकडे विचारावे.

२. डुकरांचा गोठा घरापासून, विशेषतः मुलांच्या झोपण्याच्या जागेपासून, दूर असावा. डुक्कर धडधाकट दिसले, तरी त्याच्या रक्तात विषाणू असू शकतो. गाभण डुकरीण पिल्ले टाकू लागली किंवा मेलेली पिल्ले झाली, तर पशुवैद्याला कळवावे. नीट शिजवलेले डुकराचे मांस खाल्ल्याने हा रोग होत नाही, आणि एका माणसापासून दुसऱ्यालाही होत नाही. रोग्याच्या घराला वाळीत टाकू नये.

३. हे डास संध्याकाळी व रात्री चावतात. मुलांना मच्छरदाणीत निजवावे. शेतावरून उशिरा परतताना व संध्याकाळच्या प्रार्थनेला अंगणात बसताना अंगभर कपडे घालावेत.

४. जेथे पाणी आपल्या हातात आहे, तेथे खाचर अधूनमधून सुकू द्यावे. विहिरी व टाक्यांत गप्पी मासे सोडावेत.

५. ताप, डोकेदुखी, उलट्या, आणि त्याबरोबर झटके किंवा बरळणे दिसले, तर एक तासही दवडू नये. १०८ ला फोन करून मोठ्या दवाखान्यात न्यावे. झटका आल्यास मुलाला कुशीवर निजवावे व तोंडात चमचा, कांदा किंवा पाणी काही घालू नये. प्रार्थना जरूर करावी; ती गाडीत बसूनही करता येते.

६. आजारातून उठलेल्या मुलाचा हात-पाय लुळा पडला असेल किंवा बोलणे गेले असेल, तर व्यायामोपचार लगेच सुरू करावेत. अशी मुले आपल्या धर्मग्रामात असतील, तर त्यांच्या आईबापांना शेताच्या कामात हात द्यावा. महिन्यातून चार खेपा शहरातल्या दवाखान्याला घालणे एकट्या घराला झेपत नाही.

बाटलीतल्या पेशींनी आम्हाला एवढे निश्चित सांगितले, की विषाणू एकदा मेंदूत शिरला म्हणजे आपले राखणदारही आपल्या हाती राहत नाहीत. तेव्हा तो शिरण्याआधीची राखण ही आईबापांची, शेजाऱ्यांची व आपणा सर्वांची आहे. येत्या पावसाआधी प्रत्येक वाडीने मुलांच्या लशीची कार्डे एकदा तपासून घ्यावीत, आणि ज्या घरात मच्छरदाणी नाही त्या घराचे नाव फादरांना किंवा महिला मंडळाला कळवावे, एवढी आमची विनंती आहे.